थरथरणारी रेघ

—नाही साहेब, तिकडे बसा, ही खुर्ची माझी. हां, काय म्हणत होतात — पुढल्या महिन्यापासून ही खोली बंद, सगळं हेड ऑफिसातून बघणार? बघा की. यंत्र हुशार आहे, मी कुठे नाही म्हणते? टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद करतं, उतरली की उघडतं, वर चहासुद्धा मागत नाही. मी नुसती डोळ्यांत तेल घालून बसते. त्याला माणूस कशाला, असंच ना?

कशाला ते सांगते. ही हिरवी रेघ बघा — उकळत्या पाण्याच्या टाकीची पातळी. खरी असली ना, की जराशी थरथरते. पाणीच ते, हलणारच. माझा दादा इथेच गेला, त्या दिवशी पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. पातळी मोजणारं यंत्रच अडकलेलं — आणि हे तुमचं हुशार ऑटो आपलं खुशाल म्हणतंय, सगळं ठीक. या खुर्चीतला माणूसही म्हणाला, सगळं ठीक. दादा टाकीच्या जिन्यावर, आणि वरून ते उकळतं पाणी — जाऊ दे. नको ते.

त्याच्या जागी वहिनीला घेतलं, टाक्यांच्या फेऱ्या मारायला. मग मीही आले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणाली, ज्या यंत्राने माझा नवरा गिळला त्याच्या मांडीला मांडी लावून बसतेस, चार पैशांसाठी? वाटू दे तिला तसं. पण साहेब, ती त्याच जिन्यावर चढणार आणि इथे कुणी परका जांभया देत बसणार — मला घास उतरला असता? ... हे बाहेर बोलू नका हं. वायरलेसवर मी विचारते, ठीक ना? ती दोनदा बटण दाबते — टक, टक. तेवढंच उरलंय आमच्यात.

काय? आज सगळं किती शांत आहे? कुठे शांत — थांबा. सरका. सरका म्हणते ना! अगं बाई, ही केव्हापासून अशी सरळ — बोलण्याच्या नादात मेलं लक्षच — खड्ड्यात गेलं तुमचं ऑटो, मी हातात घेते. बंद. बंद हो, बंद हो एकदाचा. वहिनी! जिन्यावर असशील तर उतर, पळ तिथून. वहिनी? ... टक टक तरी कर गं. वहिनी, तुझ्या पाया पडते —

...

ऐकलंत? "उतरलेय गं" म्हणाली. "रडू नकोस" म्हणाली. ती बोलली, साहेब. मी कुठे रडतेय —

निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या.