विहिरीतली मरळ

गळाचा विषय काढलात म्हणून सांगतो. चैत्रात धरणाचं पाणी प्रवरेला सुटलं की मासे उलट्या धारेनं चढत येतात आणि आमच्या कोल्हारच्या बंधाऱ्याशी अडतात. तिथं मला एकदा चांगली हातभर मरळ लागली.

आता आमची आई माळकरी. मासा शिजवायचा तर गोठ्यामागं, तीन दगडांवर, तेही ती झोपल्यावर. त्यात वडील जाऊन दोनच महिने झालेले, म्हातारी कुणाशी बोलत नव्हती. म्हणून मरळ कांद्याच्या जाळीदार पिशवीत घातली आणि दोरीनं विहिरीत सोडून ठेवली, ताजी राहावी म्हणून.

दुपारी गेलो तर पिशवी रिकामी. आई काठावर बसून कणकेच्या गोळ्या टाकतीय.

"आई, मरळ कुठाय?"

"सोडली आत. जित्ती हुती रं."

बायकोनं मसाला वाटून ठेवलेला! डोकंच फिरलं माझं. पण बोलतो काय? म्हैस पान्हा चोरती, सून चहात साखर कमी टाकती, सगळं ती मरळीला सांगत बसलेली. मग रोजच बसायला लागली.

आठ दिवसांनी गळ घेऊन मागच्या दारानं सटकत होतो, तर हाक आलीच.

"बंधाऱ्यावर चाललास?"

"व्हय."

म्हटलं, आता घालती माळेची शपथ.

"मग येताना एक जित्तीच आन. जोडीला नको का कुनी? एकटीला दिवस जाता जात न्हाई, बाबा."