विमानाचं तेल

साकोलीच्या रजिस्ट्री कचेरीत रुखमिणीनं बाळाला मांडीवर नुकतंच निजवलं होतं, तोच बाकावर शेजारच्या नवराबायकोचं जुंपलं.

"हळू बोल, बाईचं लेकरू झोपलं आहे," नवरा म्हणाला.

"लेकराच्या आडून बोलू नका! बाबानं देल्लेल्या माह्या धानाच्या बांध्या, माहं वावर, तुमच्या विमानाले कायले लिहून देऊ?"

"धावपट्टीले, चंद्रकांता! जलमभर दोन ट्रकच हाकू का? सकाळी कोशाचं रेशमी कापड चढवलं का दुपारी मुंबईत!"

"किती चढते?"

"छोटं विमान आहे. ट्रकाच्या दहाव्या हिश्शाएवढं."

"आन् भाडं?"

"घेऊ ना दहापट."

"देते कोण? कापडवाला भैय्यालाल शेठ तं ट्रकाच्या भाड्यालेच रडते!"

"देईन तो, पाहजो."

"पाण्यापावसात कसं उतरन?"

"चिखल राहते. चार महिने बंद."

"मंग पायलटले तवा काय रोवण्याले धाडता, बायांसंगं धान लावाले?"

"मजाक नोको करू."

"बरं, विमानाले तेल कुठून आणान?"

"नागपूरहून."

"कशात?"

नवऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आपल्याच ट्रकात."

"म्हणजे विमानाच्या तेलासाठी ट्रक नागपूरले रिकामा जाईन?"

"जाईन."

"मंग त्याच ट्रकात कापड काहून नाही टाकत? नागपूरले मोठं विमान उतरूनच राहिलं ना! मंग माह्या बांध्या कायले बुजवता?"

"चंद्रकांताबाई! सही कराले या!" आतून हाक आली.

बाळ दचकलं. चंद्रकांतानं वाकून त्याला हलकेच थोपटलं, मग पिशवी उचलली आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली,

"नाहीत जी त्या. रोवण्याले गेल्या, आपल्या बांधीत."