वाचवायला आलेले

नंदुरबारहून अक्कलकुव्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर, युक्रेनमधून सुखरूप परतलेली अल्पना आजी-आजोबांच्या मध्ये बसली होती.

"बेटा, रशियाचं सरकार तर म्हणत होतं, तिथल्या रशियन बोलणाऱ्या लोकांना वाचवायला सैन्य पाठवलंय."

"दादाजी, बॉम्बपासून लपायच्या तळघरात माझ्या शेजारी त्यांचीच भाषा बोलणारी एक म्हातारी होती. ती मला रोज विचारायची, हे मला कुणापासून वाचवतायत?"

"म्हणजे खोटंच की. आणि मी तुझ्या दादीला रोज सांगायचो, वाचवायला आलेली माणसं आपल्या पोरीला कशाला काय करतील?"

"दादी, तुला पटायचं?"

"कुठलं पटतंय. पण मी हो म्हटलं की ह्यांना झोप लागायची."

"आणि तू गं?"

"मी आज झोपेन."