दोनच फोन

बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, जावा असाव्यात. धाकटी सांगत होती.

"दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईंना मानलं पाहिजे, ताई."

"का गं?"

"खोली माणसांनी गच्च भरलेली. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलमधला तपासणीचा रिपोर्ट भिंतीवरच्या टीव्हीवर झळकला. चुकून बटण दाबलं गेलं."

"अगं बाई! नावासकट?"

"कोणी नाव वाचायच्या आत बाई टीव्हीसमोर उभ्या. 'माफ करा हं, माझ्याच फोनचा घोळ,' म्हणाल्या आणि प्लगच काढला."

"धन्य आहे!"

"नंतर सेटिंगही बदललं. आता त्या टीव्हीला दवाखान्याचे दोनच फोन जोडता येतात. बाकी कुणाच्या फोनला तो दाद देत नाही."

"आणि रिपोर्ट कोणाचा, ते शोधलं असेलच की."

"छे! कोणाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"मग फोन त्यांचा नव्हता, हे तुला कसं ठाऊक?"

"रिपोर्ट माझा होता, ताई."

थोरलीच्या बांगड्या किणकिणल्या; तिने धाकटीचा हात धरला असावा.

"गाठ आहे म्हणतात. परवा पुन्हा बोलावलंय. घरी कुणाला सांगितलं नाहीये अजून."

"किती वाजता निघायचं आपण?"