मशीन हिंदीत म्हनली

हसू नका, आमच्या मशीनपायी एकदा माणूस मरता मरता वाचलाय.

घरच्या घरी रक्तातली साखर मोजायची छोटी मशीन आम्ही बनवत होतो. त्यातली एक वापरून बघायला परतूरच्या उत्तमकाकांना दिली. काका जीप चालवायचे, इंग्रजी अक्षरं नंबर प्लेटी वाचून शिकलेले. आठवड्यानं गेलो.

"आकडा किती आला, काका?"

"परवा हात लटलट कापून राह्यले होते. मशीन लावली, तर आकडाच न्हाई. हिंदीत म्हनली, लो!"

साखर फार उतरली की पडद्यावर इंग्रजीत 'लो' यायचं, आणि त्यात इन्सुलिन घेतलं तर ती आणखी उतरते.

"मग काय घेतलंत?"

"हातात इन्सुलिनची सुई, समोर चहा. म्हनलं, सुई मागून घेऊ, चहा गार व्हतो. पिलो अन् बराबर वाटलं. सुई राहूनच गेली."

"चहा बिनसाखरेचा ना?"

काकी खाली बघत म्हणाल्या, "चुकून माझा गोड कप गेल्ता त्यांच्याकडं."

नव्या मशीनवर आम्ही 'लो' काढून मराठीत 'साखर खा' टाकलं. तेव्हापासून काका दिवसातून चारदा बोट टोचतात.

काकी विचारतात, "म्हनली का?"

"अजून न्हाई."