रिकाम्या हातानं

(कोरियातल्या जोन्जू शहराच्या बाजारातलं किमचीचं दुकान. आई मुळा चिरते आहे. तिची मुलगी हेवॉन नगरसेविका नाम यांच्या कार्यालयात कामाला आहे.)

हेवॉन: ती सुरी ठेव आधी खाली.

आई: मग मुळा कोण चिरणार, तुझी नगरसेविका? बाजाराचं वाहनतळ बंद केलं तिनं. गिऱ्हाईक फिरकत नाही इकडे. तिला शिव्या द्यायच्या नाहीत तर काय आरती ओवाळायची?

हेवॉन: दे ना शिव्या. नेटवर त्यांच्या पानावर कुणी 'नालायक' लिहिलंय, कुणी 'खुर्चीला चिकटलेली गोचीड'. सगळ्यांना सोडलं मी. कामावरून बोलतायत, बोलू देत. पण त्यातलं पोलिसांकडे काय पाठवायचं ते मला संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

आई: मग ठरव की. मला काय ऐकवतेस?

हेवॉन: एक वाचते. 'नवऱ्याला खाल्लंस, आता बाजार खायला बसलीस.'

आई: लोक काय, काहीही लिहितात.

हेवॉन: आई, ते खातं मीच उघडून दिलं होतं तुला, दुकानाच्या जाहिरातीसाठी. वर आपल्या मांजराचा फोटो आहे.

आई: अगं बाई! दुकानाच्या नावानं गेलं ते?

हेवॉन: तुला तेवढंच दिसतंय? त्यांचा नवरा जाऊन वर्ष नाही झालं. माझ्यासमोर वाचलं त्यांनी. फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाल्या, तू जेवून घे.

आई: ...मला वगळ ना यातून.

हेवॉन: तुला वगळून बाकीच्यांना कुठल्या तोंडानं पाठवू?

आई: मग मी जाऊन येते तिच्याकडे. नाशपतीची मोठी पेटी घेते, छान बांधून. माफी मागते.

हेवॉन: पेटी चालणार नाही. निवडून आलेल्यांना भेट घेता येत नाही.

आई: म्हणजे रिकाम्या हातानं? माफी मागायला? शोभतं का ते?

हेवॉन: ते 'नवऱ्याला खाल्लंस' सुचलं कुठून तुला?

आई: त्यात सुचायचंय काय? तुझे बाबा गेले त्या दिवशी तुझी आजी मला म्हणाली होती. सगळ्यांसमोर. कुठे लागतं ते मला ठाऊक होतं.

हेवॉन: ...आणि ठाऊक असून लिहिलंस.

आई: ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं.

हेवॉन: तू जाऊन आलीस तरी मी ते पाठवणार आहे, आई.

आई: पाठव. हा एप्रन सोड जरा मागून. गाठ बसलीय.

हेवॉन: आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर?

आई: तुझी आजी रिकाम्या हातानं आली असती, तरी मी उघडलं असतं.