रंभा यायच्या आत

न्हाई न्हाई, त्या खाटंच्या कडंला नका बसू बाई — ती तिची जागा हाय, तितं दुसरं कोण बसलं की ती भिंतीवर डोकं आपटती, आन मग तुमी म्हणाल म्हातारीनं आधी सांगितलं न्हाई. हितं बसा, पोत्यावर. आन आवाज जरा खाली ठेवा. ती ऐकती सगळं. बोलत न्हाई म्हंजी ऐकत न्हाई असं थोडंच हाय — आमच्या घरात जी बोलत न्हाई तीच जास्त ऐकती. ती बघा, वायसर फिरवती. माझा ल्योक ज्योतीराम भोसरीला फिटर हाय, तो कंपनीतनं टाकाऊ वायसर आणतो तिच्यासाठी — लोखंडाच्या चकत्या वो, मधी भोक असलेल्या. दोन बोटांत धरून अशी गिरकी देती की भवऱ्यागत उभा ऱ्हातो फरशीवर, आन तो पडायच्या आत दुसरा. तुमी करून बघा, दोन गिरक्यांत आडवा. हिचं नाव बकुळा, आमी बकू म्हणतो. दहावं सरलं. मारा हाक — मारा की, लाजू नका. वळली? न्हाई वळायची. सख्ख्या आईच्या हाकंला वळत न्हाई, तुमी तर पुण्याच्या.

तर तुमाला काय सांगायचं ते तुमी सांगितलं, मी ऐकलं. आता माझं ऐका आन मग जावा — रंभा यायच्या आत जावा. रंभा म्हंजी माझी सून, हिची आई. औशिदांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवती दिवसभर — दुसऱ्यांच्या लेकरांची औशिदं. पैली शिफ्ट सुटली की पिंपरीच्या मंडईतनं भाजी घेऊन पायी येती. येईलच आता. तंवर तुमी हितं दिसायला नको. राग? तुमच्यावर कशाला राग, तुमी उन्हातानाच्या आलाय, पाणी प्या. राग तुमच्या पिशवीवर हाय. पिशवी घेऊन येणाऱ्या तुमी काय पैल्या न्हाई.

पैला भेटला तो आमच्या गावचा वैदू. आमी अक्कलकोटाकडचे, तवा नुकते हिकडं आलो व्हतो, हिला घेऊन जत्रंला गेलो व्हतो गावी. बोलायचं वय झालं आन पोरगी बोलंना म्हणून त्यानं मानेवर बिब्ब्याचा डाग दिला. पोरगी जी वरडली — आन तो म्हणतो, बघा, घसा मोकळा झाला! आरं मुडद्या, घसा मोकळाच व्हता की, रडायला लागली की सगळी चाळ उठून बसायची! तो डाग अजून हाय, वेणीखाली. मदिना वेणी घालती तवा तितं हळू हात लावती. मदिना म्हंजी शेजारची, तिचा मालक गाड्या दुरुस्त करतो. तिच्या शिलाई मशीनला कान लावून बकू बसती तासंतास, म्हणून तिच्या हातनं तेवढी वेणी घालून घेती. मदिनानं कधी काई औशीद सांगितलं न्हाई, म्हणून ती मला आवडती.

मग पुण्याचा मोठा डाक्टर. सोन्याच्या काडीचा चष्मा, आन बोलताना माणसाकडं बघायचं न्हाई, खिडकीकडं बघायचं — मी ज्योतीरामच्या कानात म्हणलं बी, आरं ह्यो बी आपल्या बकूसारखाच की रं, डोळ्याला डोळा देत न्हाई! तर त्यो खिडकीकडं बघून रंभाला इचारतो, तुमी नोकरी करता? करते. लेकराला मांडीवर किती येळ घेतलं? आता कोण बाई घड्याळ लावून लेकरू मांडीवर घेती, सांगा मला. मग म्हणला, रोग पोरीत न्हाई, आईत हाय. आईची माया गार असली की लेकरू असं आतल्या आत जातं. परदेशातल्या पुस्तकात लिवलंय म्हणं. झालं! दुसऱ्या दिवशी रंभानं काम सोडलं. दोन वरसं — दोन वरसं बाई ती ह्या पोरीला मांडीवर घिऊन बसली. आन हिला तर हात लावलेला खपत न्हाई, ही वरबाडायची, चावायची, आन ती सोडायची न्हाई. दोघी घामानं निथळायच्या. रंभाचे हात बघा ती आली की — न्हाई, तुमाला कुठं बघायचेत, तुमी जायच्याय — मनगटापासनं कोपरापरेंत ओरखाडेच. आन भाकरी थापताना मला इचारायची, "आत्या, मी खरंच कमी घेतलं का वो तिला?" मी म्हणलं, बाय माझे, मी सहा पोरं वाढिवली, एकाला बी मांडीवर घ्यायला सवड नव्हती, आन सगळी बडबडी निघाली — ज्योतीराम तर लगीन झाल्यावर गप झाला! हसली न्हाई. त्या डाक्टरनं एका वाक्यात जे आत घातलं ना तिच्या, ते मला अजून निघंना.

तुमची संस्था तसली न्हाई म्हणता. असंल. त्या बी असंच म्हणल्या व्हत्या — चिंचवडला समारंभ व्हता एका मंडळाचा, नाव न्हाई घेत, कांबळं दिलंय त्यांनी, मीच पांघरते, उबदार हाय, खोटं कशाला बोलू. पण ऐका. रंभानं हिला न्हाऊ घालून, नवा फ्रॉक शिवून, लाल रिबिनी लावून नेली. पोर नक्षत्रासारखी, बघताय न्हवं? तितली एक बाई हिला खालवर बघती आन म्हणती, "ही? हिला काय झालंय? फोटोत कळणार कसं?" आता काय सांगावं — देखणी निपजली ही बी आमचीच चूक! मग त्यांनी काय केलं, तीन चाकाची गाडी असती ना पांगळ्या लेकरांची, एक पोरगं बसलं व्हतं तिच्यात, पाय वाळलेले — त्याला उचलून सतरंजीवर ठिवलं आन धडधाकट पायाच्या बकूला त्याच्या गाडीत बसिवलं. ते पोरगं खालून बघतंय आपल्या गाडीकडं. तेवढ्यात बँड वाजला, बकूनं कान दाबले आन किंचाळली — तर फोटूवाला म्हणतो कसा, "हां! आता बरोबर!" पेपरात छापून आला तो फोटू. खाली काय लिवलं व्हतं ते रंभानं वाचलं आन घडी करून चुलीत घातला. भाषण मातर चांगलं झालं. ह्या कळ्या आपण फुलवू म्हणले. बघा कुठं फुलल्यात.

तर आता तुमचं शिबिर. मुंबईला, परदेशातला सायब, सुई टोचणार. कशाची म्हणलात सुई? परत सांगा. कोकराच्या अंगातलं काढून — आईच्या पोटातल्या कोकराच्या? — ते पोरीच्या अंगात घालायचं. म्हंजी डोक्याची वाढ व्हती. बाई, मी मेंढरांत जल्मले. माझा बाप शंभरावर मेंढरं राखायचा. जलमभर बघितली मी मेंढरं, तुमच्या सायबाला ठावं न्हाई ते मला ठावं हाय — मेंढरू बोलतं व्हय कधी? जे स्वता बोलत न्हाई ते हिला काय बोलायला शिकिवणार! एकानं खड्ड्यात उडी घेतली की बाकीची मागनं जात्यात, तेवढीच त्यांची अक्कल. ती अक्कल आमाला हाय की, आणखी सुई कशाला?

हसलात. हसा. पण आता तुमी तेच म्हणणार, मला ठावं हाय — करून बघायला काय जातं?

जातं की. सांगते काय जातं.

दोन सालामागं ते मोठं गिराण लागलं न्हाई का, दिवसाढवळ्या सूर्य झाकला, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई, कोंबड्या दुपारच्या खुराड्यात गेल्या — ते गिराण. आमच्या गावाकडला कोंडाजी हाय हितं, टाकीवर वॉचमन. तो म्हणला, आपल्या गावच्या शिवंकडं असल्या लेकरांना गिराणात गळ्यापरेंत मातीत पुरत्यात, शिरा मोकळ्या व्हत्यात. करून बघायला काय जातं — हेच म्हणला, शब्द बी हाच. मी बी न्हाई म्हणलं न्हाई. पवनंच्या काठाला मऊ माती हाय, तितं खड्डा केला, लोक दारं लावून बसलेले आन आमी चौघं पोरीला घिऊन नदीवर. मला वाटलं आता ही रान डोक्यावर घेणार. तर बाई — गप. माती चारी अंगानी दाबून बसली तशी पोरगी गप झाली, शांत, नुसतं डोकं वर, आन डोळे — ते डोळे कधी कुणावर ठरत न्हाईत — ते रंभावर ठरले. रंभा तिच्यासमोर मातीत पालथी झोपली, तोंड तोंडाला समान यावं म्हणून. हनुवटी जमिनीला टेकवून. मायलेकी एकमेकींकडं बघतायत आन वर सगळं काळं झालंय. मी म्हातारी, लई काय काय बघितलं, पण तसं न्हाई बघितलं.

सूर्य सुटला. कोंडाजीनं माती उकरली. रंभानं सगळ्या चाळीत साखर वाटली — हिंदू न्हाई बघितला, मुसलमान न्हाई बघितला, दार वाजवून वाजवून मुठीनं साखर. माझी पोर माझ्याकडं बघायली, म्हणायची. आन बकू? दिवेलागणीला बकू हितं, ह्याच फरशीवर, वायसर फिरवत बसली. हाक मारली, वळली न्हाई.

पण तिला ती माती आवडली व्हती, कळतंय का तुमाला? औशीद नव्हतं ते. दाबून बसलेलं बरं वाटलं तिला, एवढंच. आमी तर हात लावला की दूर पळणारं लेकरू म्हणायचो. मग ही नळामागं उकरायला लागली, खड्डा करून आत बसायची. नळ मदिनाच्या दारात, म्हंजी तिच्या दारातच खड्डा, पण तिनं शब्द काढला न्हाई, उलट तळाला गोणपाट घातलं. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या, बसती तर बसू द्या. पण रंभाचं तसं न्हाई. रंभाच्या डोक्यात बसलं की गुण येतच व्हता, आपण लवकर काढली. आणखी थोडी ठिवायला पायजे व्हती. आता गिराण काय रोज लागतं? रोज पोरीसमोर जाऊन बसायची, बघ की गं माझ्याकडं, तवा बघितलंस की. ही बघायची न्हाई. मग रंभा जेवंना. मग बोलंना — घरात एक न बोलणारी व्हती, दोन झाल्या. ज्योतीराम ओव्हरटाइम करतो. लोक म्हणत्यात कष्टाळू. मी आई हाय त्याची, मला कळतं तो घरी का येत न्हाई.

आन मग एक दिवस सांजच्याला दोघी घरात न्हाईत. मी म्हणलं गेल्या असतील नळावर. नळावर न्हाई, मदिनाकडं न्हाई. माझे गुडघे असे, पण पळत गेले नदीला. रंभा पाण्यात. कमरंएवढ्या. बकूला कडंवर घेतलेली, एवढी घोडी झालेली पोर कडंवर, आन बकू पाण्यावर हात आपटून हसतीय — तिला पाणी बी आवडतं. रंभा पुढं बघत व्हती, पलीकडं. मी काठावर. काय बोलावं माणसानं? नको करू म्हणलं तर ती करंल. मी म्हणलं, "रंभे, चहा झालाय. निवतोय बघ." एवढंच. ती उभीच. मग वळली, आली. घरी चूल सुदिक पेटलेली नव्हती.

हे मी — काय सांगत बसले मी तुमाला. ज्योतीरामला बी ठावं न्हाई हे. विसरा. कुठं बोलू नका, तुमच्या भाषणात तर मुळीच नको.

आता वरीस झालं, परत कामाला जाती, दोन घास खाती, बकूनं खड्डा केला की तिच्याशेजारी बसून भाजी निवडती. आस सोडली तवा कुठं माणसात आली. आन तुमी पिशवीत आस घिऊन आलाय. मेंढराची. तुमचं मन वाईट न्हाई, दिसतंय मला, डोळ्यांत पाणी बी आलंय तुमच्या. पण सुई टोचून झाली आन ही वायसर फिरवत बसली, मग तुमी मोटारीत बसून पुण्याला जाल, आन मी गुडघे घिऊन कितींदा नदीला पळू? मागल्या टायमाला पोचले. फुडल्या टायमाला?

मग तुमीच सांगा म्हणता, काय करावं. मला काय इचारता? माझ्याकडं असतं तर दिलं नसतं व्हय? मी मेले की हिची जागा हिला कोण राखून ठेवंल, हिच्यासाठी कोण लढंल, कायबी सुचत न्हाई मला. तुमाला हाकलून मी तिला काय मोठं अमृत देणार हाय. काई न्हाई देणार. नुसतं हाकलणार. तेवढंच येतं मला.

उठा. ती कागदं उचला, हितं ठेवायची न्हाईत — सातवी शिकलीय रंभा, वाचती. ते गोऱ्या पोराचं हसरं चित्र बी घ्या. चपला हिकडं. मागलं दार न्हाई आमच्यात, ह्याच दारानं जा, आन डाव्या अंगानं जा, उजवीकडनं ती —

आली.

रंभे, आज लवकर गं? ह्या व्हय? ह्या कोण न्हाईत. पत्ता चुकून आल्यात, पाणी प्यायला टेकल्या. न्हाई गं, दवाखान्याच्या कशाला असतील. पिशवी? असंल कायतरी, कापडबिपड इकत असतील. असं नको बघू त्यांच्याकडं, रंभे, निघाल्याच हायेत त्या. निघालाच न्हवं वो बाई? सांगा की तिला. पत्ता चुकला म्हणा. तेवढंच म्हणा, जास्त नको.

बाई.

बोला की.